शुश्रूषेचा साक्षीपुरावा

'शुश्रूषा' म्हणजे सेवा, इतकाच अर्थ आज आपण घेतो. परंतु या शब्दाचा मूळ धातू 'श्रु', आणि मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगताना वैद्य, औषध व रोगी यांच्या पंक्तीस परिचारकालाही बसविले आहे. त्याच्या ठायी उपचारांचे ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता हे गुण अपेक्षिले आहेत. आमच्या घरांतून मात्र हा पाद लंगडाच राहिला. आजाऱ्यापाशी रात्र जागवावी बायकांनी, आणि वैद्याने विचारले म्हणजे उत्तर द्यावे ओटीवरच्या कर्त्या पुरुषाने!

या पादाचे खरे मोल गडचिरोलीच्या खेड्यांत दिसून आले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० नंतरच्या दशकात ३९ गावांतील थोड्याशा शिकलेल्या स्त्रियांस नवजात बालकांची घरीच देखरेख करण्यास शिकविले. तापमापक, वजनकाटा, श्वास मोजण्यास घड्याळ, एवढी त्यांची सामग्री. पण पाहावयाचे मुख्यतः बदलाकडे. काल खणखणीत रडणारे मूल आज क्षीण रडते काय? ओढून पिणाऱ्याने दूध सोडले काय? अंग गार पडले काय? कोर्टात 'बरे दिसत नव्हते' एवढेच सांगणाऱ्या साक्षीदाराचा आम्हां वकिलांना काही उपयोग नसतो. काल आणि आज यांतला फरक सांगणाराच खटला उभा करतो. येथे अशी साक्षीदार आईच होती, आणि तिला विचारण्याची रीत प्रथमच पडली.

अशी लक्षणे एकत्र दिसली म्हणजे जंतुदोषाचा संशय धरून प्रथम रुग्णालयाचा सल्ला दिला जाई. आईबाप नकार देत, तेव्हा त्यांची लेखी संमती घेऊन गावातली ती स्त्रीच जेंटामायसिनची सुई टोची. या संमतीचे आम्हांस विशेष कौतुक वाटते. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने निष्कर्ष छापले: जंतुदोष झालेल्या बालकांतील मृत्यू शेकडा १६.६ वरून २.८ वर आले होते, आणि तुलनेच्या गावांशी ताडता नवजात-मृत्यूंत शेकडा ६२ घट झाली होती.

पुढे २०११ साली केंद्र सरकारने 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत नवजात बालकांच्या गृहभेटींची योजना देशभर स्वीकारली. बाळ घरी जन्मले असल्यास बेचाळीस दिवसांत सात भेटी, आणि त्यांतील पहिली जन्माच्याच दिवशी.