लिंबोळीच्या अर्काची तारीख

सातारा-सांगली भागात ज्वारीवर मावा वाढला, की त्याच्या गोड स्रावाने पाने चिकट होतात. शेतकरी म्हणतात, ‘चिकटा पडला.’ अशा किडीवर लिंबोळ्या कुटून, रात्रभर भिजवून, गाळलेले पाणी फवारण्याचा उपाय आपल्या परिचयाचा आहे. कडुनिंबाचे असे ज्ञान कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न पुढे युरोपात लढवला गेला आणि त्यात सांगली जिल्ह्याचे नाव आले.

लिंबोळीची शास्त्रीय तपासणी तशी अलीकडची. लिंबोळीचे पाणी फवारलेले पीक टोळ खात नाहीत, हे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील प्रधान, जोतवाणी व राय यांनी १९६२ मध्ये मांडले. १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये बटरवर्थ व मॉर्गन यांनी बियांतून अझाडिरेक्टिन वेगळे केले. हे द्रव्य किडीला लगेच मारत नाही. तिचे खाणे कमी होते आणि कात टाकण्याची क्रिया बिघडते.

कडुनिंबाचे तेल बुरशीवरही चालते. त्यासाठीच्या एका पद्धतीचे पेटंट म्युनिकच्या युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ मध्ये अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना दिले. वंदना शिवा, मॅग्दा आल्व्होएट आणि लिंडा बुलार्ड यांनी त्याला आव्हान दिले. पेटंट मिळते ते नव्या गोष्टीला. पण ‘आमचे आजोबाही हेच करीत’ हे कचेरीत सिद्ध कसे करायचे?

इथे उपयोगी पडल्या पुणे व सांगली जिल्ह्यांतील शेतांवर १९८५ व १९८६ मध्ये झालेल्या चाचण्या. अभय फडके यांनी त्यांच्याविषयी म्युनिकमध्ये साक्ष दिली. पेटंटचा अर्ज त्यानंतरचा होता. १० मे २००० रोजी पेटंट रद्द झाले. त्यावरील अपीलही ८ मार्च २००५ रोजी फेटाळले गेले.

परंपरा मोलाची खरीच. पण तिच्या बाजूने बोलली ती वर्ष आणि ठिकाण सांगता येणारी चाचणी. ही सवय शाळेत लावता येईल. परसबागेतल्या चवळीवर मावा आला, की एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम लिंबोळीची भुकटी रात्रभर भिजवून गाळून घ्यावी. संध्याकाळी एका ओळीवर हा अर्क आणि दुसरीवर नुसते पाणी फवारावे. खुणेच्या पानांवरील मावा दर दोन दिवसांनी मुलांनी मोजावा. मावा खाणारे ढालकिडेही मोजावेत. वहीत आकड्यांआधी तारीख लिहायला मात्र विसरू नये.