वाटाड्याच्या मागे: चांदा-गडचिरोलीतल्या गटप्रवासाचा मागोवा

मोहर्लीच्या फाटकातून ताडोब्याच्या जंगलात शिरले की तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने जुने दगडी खांब उभे दिसतात. उंच, ओबडधोबड, माथ्याशी भोके पाडलेले. जिप्सीत पुढे बसलेला गाईड हमखास सांगतो की हे खांब गोंड राजांच्या काळचे. या भोकांतून दोर ओवलेला असे, दोराला घंटा बांधलेल्या असत आणि राजाची स्वारी निघाली की तिची वर्दी घंटांवरून पुढे जाई. इतिहासकारांनी या कथेला काय किंमत द्यायची ती द्यावी. पण जंगलात गटाने येणाऱ्यांची आगाऊ वर्दी पोहोचवण्याची सोय ऑनलाइन बुकिंगच्या कितीतरी आधी इथे होती, ही कल्पना मोठी गमतीची आहे. चंद्रपूर (जुने नाव चांदा) आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत आज पुण्या-मुंबईहून, नागपूरहून सहली येतात. ‘चार रात्री पाच दिवस’ असा त्यांचा छापील कार्यक्रम असतो. या कार्यक्रमाची वंशावळ शोधू लागलो तर आपल्याला बरेच मागे जावे लागते.

सुरुवात देवापासून करावी लागते. चंद्रपूरच्या झरपट नदीकाठी महाकालीचे देऊळ आहे. त्याचे श्रेय परंपरेने गोंड राणी हिराई हिला दिले जाते, म्हणजे आपण अठराव्या शतकाच्या आरंभाशी आहोत. दर चैत्रात इथे यात्रा भरते आणि तिला येणारी माणसे बहुतांशी दूरची असतात: नांदेड, परभणी, हिंगोली, शिवाय तेलंगणातली गावे. पूर्वी ही मंडळी बैलगाड्यांनी आणि पायी येत, आता ट्रक, टेम्पो आणि एसटीने येतात. पण जथ्याची घडण फारशी बदललेली नाही. एका गावाचा एक जथा, जथ्याला एक म्होरक्या, बहुधा भगत किंवा पोतराज. मुक्काम कुठे पडायचा, झरपटेत आंघोळ कधी करायची, देवीपुढे कोणी आधी जायचे, हे तो ठरवतो. तीन दगडांच्या चुलीवर गावाहून आणलेल्या पिठाच्या भाकरी होतात, हलगी वाजत असते, म्हाताऱ्या बायका पोरांना एकमेकांच्या पदराला धरून चालायला सांगतात. हरवलेल्या माणसाने कोणत्या झाडाखाली येऊन बसायचे हे आधीच ठरलेले असते. आजचा सहल-व्यवस्थापक बसमधून उतरताना ‘सगळ्यांनी याच गेटापाशी भेटायचं’ असे ओरडतो, तेव्हा त्या म्होरक्याचाच शब्द तो बोलत असतो.

तीच गोष्ट मार्कंड्याची. चामोर्शीजवळ वैनगंगेकाठचा हा मंदिरसमूह; महाशिवरात्रीला इथे जत्रा भरते आणि पलीकडच्या तीरावरचे लोक नावेतून नदी ओलांडून येतात. ताडोबा हे नावही एका देवाचेच. तारू नावाच्या गावप्रमुखाने वाघाशी झुंज दिली आणि त्यात तो मेला, अशी कथा. तळ्याच्या काठी झाडाखाली त्याचे ठाणे आहे आणि पौषात आदिवासी भाविक त्याच्या दर्शनाला येत आले आहेत. व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यात सापडल्यामुळे आता त्या दर्शनावर निर्बंध आहेत. म्हणजे या जंगलाचे सर्वांत जुने प्रवासी आज सर्वांत जास्त अटी पाळून आत येतात, आणि ही बाब मला कुठल्याही माहितीपत्रकात वाचायला मिळालेली नाही.

प्रवाशाला छापील मार्गदर्शक लागतो, त्याचाही एक विसरलेला पूर्वज मराठीत आहे. महानुभावांची ‘स्थानपोथी’ चौदाव्या शतकातली. चक्रधरस्वामी जिथे राहिले, बसले, जेवले ती स्थाने या ग्रंथात गावानुसार नोंदवली आहेत. देऊळ कोणत्या दिशेला, दार कुठे, हे मागाहून येणाऱ्या भक्ताला सापडावे अशा बेताने. विदर्भ-मराठवाड्याच्या वाटांवर ती पोथी मनात धरून चालणारे गट पाचसहाशे वर्षांपूर्वी होते. आपल्याकडे प्रवासाची पुस्तके साहेबाबरोबर आली, असे म्हणणाऱ्यांनी ती एकदा चाळावी.

५ जुलै १८४१ रोजी इंग्लंडात टॉमस कुकने व्यसनमुक्तीच्या सभेसाठी लेस्टरहून लफबरोपर्यंत पाचशेच्या आसपास माणसे रेल्वेने नेली. आधुनिक गटसहलीचा जन्म तिथे मानतात. त्या साली चांदा नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता आणि इथला प्रवास बैलांच्या पायांनी होत होता. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि जंगलात नव्या तऱ्हेचा प्रवासी आला: तंबू, नोकर, घोडे घेऊन फिरणारा अधिकारी. १८७३ ते १८७५ या काळात पुरातत्त्व खात्याचा अलेक्झांडर कनिंगहॅम मध्य प्रांताचा दौरा करत होता. मार्कंड्याच्या मंदिरांचे सविस्तर वर्णन त्याच्या अहवालात आहे. त्याच दशकात वरोऱ्यापर्यंत आगगाडी आली, ती कोळशासाठी. माणसे तिच्यातून आली ती ओघाने.

साहेबाच्या दौऱ्यात वाटाड्या कोण होता, हे बघण्यासारखे आहे. गावाच्या कोतवालाने पाहुण्याला शिवेपर्यंत पोहोचवायचे, तिथे पुढच्या गावच्या माणसाने त्याला ताब्यात घ्यायचे, सामान डोक्यावरून वाहायला चार माणसे द्यायची. हे सगळे वेठीत. महाकालीच्या वाटेवरचा म्होरक्या आपल्याच माणसांना पुढे नेत होता. आता वाटाडा परक्याच्या पुढे चालू लागला, आणि नाही म्हणायची सोय त्याला उरली नाही. पुढे शिकारीचे परवाने निघाले, जंगलाचे ब्लॉक पडले, तेव्हा हाच माणूस हाकेकरी झाला. मचाणावर बंदूकवाला, खाली डबे बडवत वाघाला त्याच्याकडे रेटणारी पन्नास माणसे. वाघ कुठे पाणी पितो, कुठल्या नाल्याने वर चढतो, हे त्या पन्नासांना ठाऊक असे. भिंतीवरच्या कातड्याखाली नाव मात्र एकाचे लागे. १९३५ मध्ये ताडोब्यात शिकार बंद झाली. १९५५ मध्ये ११६ चौरस किलोमीटरचे हे जंगल राष्ट्रीय उद्यान झाले, महाराष्ट्रातले पहिले. बाहेरच्या जंगलांत शिकार चालूच होती. १९७० मध्ये देशभर वाघाच्या शिकारीवर बंदी आली आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती पक्की झाली.

राष्ट्रीय उद्यान झाल्याच्या पुढच्याच वर्षी चंद्रपुरात एक फार मोठा समुदाय जमला. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपूरच्या मैदानावर दीक्षा दिली. तेव्हापासून दर ऑक्टोबरात १५-१६ तारखांना दीक्षाभूमीवर गावोगावचे गट येतात. पुस्तकांच्या दुकानांभोवती जी गर्दी होते ती पाहण्यासारखी असते. जथा तसाच, शिदोरी तशीच, पण देवदर्शनासाठी निघालेला हा प्रवास नव्हे. गटप्रवासाला या जिल्ह्यात मिळालेले ते पहिले मोठे वळण, असे मी मानतो.

दुसरे वळण बाबा आमट्यांनी दिले. वरोऱ्याजवळचे आनंदवन १९४९ पासून उभे राहत होते. मूलजवळच्या सोमनाथला १९६०च्या दशकाच्या अखेरीस श्रमसंस्कार छावण्या सुरू झाल्या. महाराष्ट्रभरातली तरुण पोरे ऐन मे महिन्यात, चंद्रपूरच्या उन्हात, स्वतःच्या खर्चाने येत आणि सकाळी कुदळ-फावडे हाती घेत. प्रवासाला येऊन घाम गाळायचा ही कल्पना कुठल्याही सहल-कंपनीला सुचली नसती. २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळ हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि या यात्रेला तिसरा मुक्काम मिळाला. छावणीला आलेली पोरे पुढे नोकरीला लागली, लग्ने झाली, आणि मुलांना घेऊन परत आली. ‘प्रकाशवाटा’ घरोघरी वाचले गेले, २००८ मध्ये हा प्रकल्प चालवणाऱ्या प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, २०१४ मध्ये त्यांच्यावर चित्रपट आला. दरम्यान १९८४ मध्ये मुंबईत ‘केसरी’सारखी कंपनी निघून मराठी मध्यमवर्गाला टोपी घालून झेंड्यामागे फिरायची सवय लागली होती. दोन्ही प्रवाह मिळाले आणि ‘आनंदवन-सोमनाथ-हेमलकसा-ताडोबा’ अशी एक नवी परिक्रमा तयार झाली. श्रम मागे पडला, दर्शन राहिले.

इथे दोन शब्द आगाऊपणाचे. हेमलकसा हे रुग्णांचे आणि शाळकरी मुलांचे ठिकाण आहे. तिथे चाळीस जणांचा गट उतरतो तेव्हा दवाखान्याच्या ओसरीवर बसलेल्या माडिया बाईपुढे न विचारता कॅमेरा धरणारे दोघे-तिघे त्यात असतातच. महाकालीच्या जथ्यात असे वागणाऱ्याला म्होरक्याने तिथल्या तिथे झापले असते. पैसे भरून आलेल्याला झापायला व्यवस्थापक कचरतो. तेव्हा भेटीची वेळ आधी कळवावी, राहायची सोय गृहीत धरू नये आणि मुलांना वाटायला गोळ्या-बिस्किटांची पाकिटे नेऊ नयेत. मेंढा-लेखा हे धानोऱ्याच्या वाटेवरचे गाव; २००९ मध्ये त्याला आपल्या जंगलावरचा सामूहिक वनहक्क मिळाला. अभ्यासाला येणाऱ्यांना ग्रामसभेची वेळ सांभाळावी लागते. मला हे फार योग्य वाटते.

ताडोब्याकडे परत येऊ. जुने लोक सांगतात की पूर्वी आपली गाडी घेऊन थेट तळ्यापर्यंत जाता येई आणि काठच्या विश्रामगृहात मुक्कामही करता येई. १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य झाले, १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. रामदेगीजवळचे नवेगाव, जामणी अशी गाभ्यातली गावे पुढे बाहेर आली. २४ जुलै २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यातले पर्यटन तात्पुरते थांबवले. मोहर्लीसारख्या गावात त्या पावसाळ्यात जिप्सीचे हप्ते भरायचे कसे, हीच चर्चा होती. ऑक्टोबरात बंदी उठली, पण नवे नियम लागू झाले: गाभ्याचा वीस टक्क्यांपेक्षा जास्त भाग पर्यटनाला नाही, गाड्यांची संख्या बांधलेली, गाईड सक्तीचा आणि स्थानिक. शिकारीच्या हाक्यात डबा वाजवणाऱ्याचा नातू आता खाकी गणवेश घालून ड्रायव्हरशेजारी बसतो, आणि गाडी कुठे थांबवायची हे तो सांगतो. अलीकडे या कामात बायकाही आहेत.

त्यामुळे ताडोब्याला गटाने जाणाऱ्याने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मंगळवारी गाभा बंद असतो, १ जुलै ते ३० सप्टेंबरही बंद. एका जिप्सीत सहा पर्यटक; परवान्यावरचे नाव आणि हातातले ओळखपत्र जुळले नाही तर फाटकावर वाद घालून उपयोग होत नाही. गाभ्यात मोबाईल नेता येत नाही. डिसेंबरच्या पहाटे उघड्या गाडीत कानटोपी आणि जाड पांघरूण नसेल तर वाघ दिसूनही त्याच्याकडे लक्ष लागत नाही, आणि मे महिन्यात पाण्याची बाटली माणशी दोन लिटरची हवी. मोठ्या गटाने जिप्सी वाटून घेताना म्हातारी माणसे आणि लहान मुले एकाच गाडीत कोंबू नयेत. ‘साइटिंग झालं का?’ हा प्रश्न परतताना दुसऱ्या गाडीला विचारायचा, स्वतःच्या गाईडला दर दहा मिनिटांनी नव्हे. सांबराचा कॉल आला की गाईड हात वर करून गाडी बंद करायला लावतो. त्या वेळी गप्प बसणे एवढेच गटाचे काम असते, आणि नेमके तेच बहुतेक गटांना जमत नाही.

गडचिरोलीत, म्हणजे २६ ऑगस्ट १९८२ रोजी चांद्यापासून वेगळ्या झालेल्या जिल्ह्यात, अजून सगळे इतके बांधलेले नाही. आलापल्लीचे जुने सागवान, कमलापूरचा हत्ती कॅम्प, सिरोंच्याजवळ वडधमचे जीवाश्म हे सगळे पाहायला येणारे गट थोडे आहेत, आणि नक्षलवादाच्या काळात तर ते जवळपास नव्हतेच. अंधार पडल्यावर त्या रस्त्यांना लागू नका, हा तेव्हाचा सल्ला आजही मोडू नये. आलापल्लीपासून भामरागड सुमारे ६५ किलोमीटर. निघण्याआधी डिझेल तिथेच भरावे, औषधे जवळ ठेवावीत, नेटवर्क पुढे मिळेल न मिळेल. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, अलीकडचे नालेही चढतात. अशा दिवशी पुण्याहून आलेला व्यवस्थापक आलापल्लीच्या चौकात बस उभी करतो, छापील कार्यक्रम सीटवर ठेवतो आणि टपरीवरच्या माणसाला विचारतो, ‘भाऊ, नाल्यावर पाणी आहे का?’ तो हो म्हणाला तर त्या दिवशीचा मुक्काम आलापल्लीला.