कामोकाठच्या व्रतस्थ
क्योतोला निघाले तेव्हा आईनं एवढंच विचारलं, "गोन्सालो गार्सियाला पकडलं, तेच ना गं हे गाव?" आमच्या वसईच्या ख्रिस्ती घरांत जपानची ओळख इथूनच सुरू होते. वसईत जन्मलेल्या या फ्रान्सिस्कन ब्रदरला क्योतोत धरलं, डाव्या कानाची पाळी छाटून धिंड काढली आणि ५ फेब्रुवारी १५९७ला नागासाकीत क्रुसावर मारलं. पुढं ख्रिस्ती धर्मावर आलेली बंदी उठायला १८७३ साल उजाडलं.

त्याच क्योतोच्या उत्तर भागात, कितायामा स्टेशनपासून थोडं चाललं की मुलींचं कॅथलिक विद्यापीठ लागतं, क्योतो नोत्रदाम. १९४८ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसहून चार सिस्टर इथं आल्या. हरलेल्या, उपाशी देशात त्यांनी आधी शाळा काढल्या आणि १९६१मध्ये हे विद्यापीठ. मी सिस्टरांच्याच शाळेत शिकले, त्यामुळे फाटकापाशी हात आपोआप वेणीकडं गेला.

तिथून दक्षिणेला पायीच शिमोगामोचं देवस्थान गाठता येतं. कामो नदी आणि तिला मिळणारी दुसरी नदी यांच्या बेचक्यात तादासु नो मोरी हे जुनं वन आहे आणि वनाच्या पोटात देऊळ. देवी तामायोरी आणि तिचे वडील यांचं हे ठाणं. कथा अशी, की नदीतून वाहत आलेला लाल रंगाचा बाण तामायोरीनं उचलून उशाशी ठेवला आणि तिला दिवस गेले. तो मुलगा म्हणजे वरच्या अंगाच्या कामिगामो देवळाचा देव. मला साहजिकच मरियामाता आठवली. पण हे साम्य फार ताणू नये. बाण बाण आहे, देवदूत देवदूत.

मला खरी ओढ लागली ती साईइनची. सम्राटाच्या घराण्यातली अविवाहित मुलगी कामोकाठच्या या दोन्ही देवळांच्या सेवेला द्यायची, ही चाल इ.स. ८१०मध्ये पडली. ती राहायची देवळात नव्हे, राजवाड्याच्या उत्तरेला मुरासाकिनोत. तिच्या वाड्यात अशुभ शब्द तोंडातून काढायचा नाही. मरणाला म्हणायचं 'बरं होणं', रक्ताला 'घाम', रडण्याला 'खारं पाणी गळणं'. आपल्याकडं कुंकू पुसलं न म्हणता 'वाढवलं' म्हणतात, त्याच जातीची ही भाषा.

मुराकामी सम्राटाची लेक सेन्शी ९७५ साली साईइन झाली, अकरा-बारा वर्षांची. पाच सम्राट झाले, ती त्याच पदावर. तब्बल ५७ वर्षं. नेमणूक शिंतो देवांच्या सेवेला आणि मन मात्र बुद्धाकडं. बुद्धाची उपासना त्या वाड्यात निषिद्ध. तरी १०१२मध्ये तिनं बौद्ध सूत्रांवर ५५ कविता रचल्या, पदावर असतानाच! १०३१मध्ये आजारपणात पद सोडलं आणि भिक्षुणी झाली. व्रत कुणीतरी लादणं वेगळं आणि आपण घेणं वेगळं. शाळेतल्या सिस्टरांविषयी आम्ही मुली कुजबुजायचो, "यांना कुणी घातलं असेल गं मठात?" त्यांना विचारायचं मात्र कधी सुचलं नाही.

१२१२मध्ये साईइन संपली. दरबाराकडं पैसा उरला नव्हता, सत्ताही नाही. आता १५ मेच्या आओई उत्सवात तिच्या जागी पालखीत बसते ती क्योतोतलीच एखादी अविवाहित तरुणी. हा पायंडा १९५६चा. पैशाची चणचण देवालाही चुकत नाही. शिमोगामोत दर २१ वर्षांनी देवाला डागडुजी केलेल्या गाभाऱ्यात बसवतात. त्या खर्चासाठी २०१५च्या सुमारास देवस्थानानं वनाच्या दक्षिण कडेची जमीन फ्लॅटच्या इमारतींना ५० वर्षांच्या भाड्यानं दिली. शेजारपाजारच्यांनी आरडाओरडा केला. मला विचाराल तर, झाडं गेली याचं वाईट वाटलं, पण पुजाऱ्यांना दोष देववत नाही.

नोत्रदाम विद्यापीठाकडं भाड्यानं द्यायला वन नव्हतं. जपानात मुलंच कमी जन्मताहेत, त्यात फक्त मुलींच्या विद्यापीठाकडं ओढा आटलेला. एप्रिल २०२५मध्ये त्यांनी जाहीर केलं, की २०२६पासून नवे प्रवेश बंद. आहेत त्या मुलींचं शिक्षण तेवढं पुरं करणार.