केपचा पाणकावळा आणि ग्वानोची बेटे

केपचा पाणकावळा हा आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरचा मासेखाऊ समुद्रपक्षी. लांबी साधारण दोन फूट, वजन सव्वा किलोच्या आसपास, अंगभर काळा रंग, चोचीच्या मुळाशी पिवळसर नारिंगी कातडी आणि निळसर हिरवे डोळे. महाराष्ट्रातल्या तळ्यांवर पंख पसरून बसणारा छोटा पाणकावळा याच कुळातला आहे, पण दोघांचे जगणे अगदी वेगळे. छोटा पाणकावळा तळी, नद्या आणि खाड्यांवर एकेकटा किंवा लहान थव्यांनी मासे धरतो. केपचा पाणकावळा हजारोंच्या थव्याने समुद्रावर निघतो, लांबच लांब ओळी करून पाण्यालगत उडतो आणि माशांचा थवा दिसला की सगळा जमाव एकदम बुड्या मारतो. अँकोव्ही, सार्डिन आणि गोबी हे त्याचे मुख्य खाद्य.

नामिबियाच्या किनाऱ्याने उत्तरेकडे वाहणाऱ्या बेंग्वेला या थंड प्रवाहाने या पक्ष्याला घडवले आहे. दक्षिणेकडून येणारे वारे किनाऱ्यालगतचे पाणी बाहेर लोटतात, खालचे थंड आणि पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते, त्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात आणि त्यांच्यामागे माशांचे थवे येतात. हाच थंड समुद्र जमिनीवर पाऊस पडू देत नाही, म्हणून किनाऱ्याला लागून नामिबचे वाळवंट आहे. मासे भरपूर आणि पाऊस जवळजवळ नाही, अशा ठिकाणी पक्ष्यांची विष्ठा धुऊन न जाता थरावर थर साचत जाते. या साचलेल्या खताला ग्वानो म्हणतात. जगात असे किनारे फार थोडे आहेत. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध पेरूचा.

या पक्ष्याची वीण दक्षिण अंगोलापासून दक्षिण आफ्रिकेतल्या अल्गोआ उपसागरापर्यंत होते. विणीचा काळ सरला की काही पक्षी उत्तरेला काँगो नदीच्या मुखापर्यंत जातात, तर काही सार्डिनच्या मागोमाग पूर्व किनाऱ्याने क्वाझुलू-नाताळकडे सरकतात. घरटी मुख्यतः बेटांवर आणि कड्यांवर असतात. नामिबच्या मुख्य भूमीवर कोल्हे आणि तपकिरी तरस किनाऱ्यापर्यंत हिंडत असल्यामुळे उघड्यावर, जमिनीलगत घरटे करणाऱ्या पक्ष्याचा तिथे निभाव लागत नाही. म्हणूनच काही हेक्टरांच्या खडकाळ बेटांना या इतिहासात एवढे महत्त्व आले.

पक्ष्याला शास्त्रीय नाव मिळाले १७८८ मध्ये. लिनिअसचा शिष्य अँडर्स स्पारमन १७७२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या केपला आला, कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीत सामील झाला आणि परतीच्या वाटेवर पुन्हा केपमध्ये राहिला. त्याने या पक्ष्याचे वर्णन करताना त्याला पेलिकन प्रजातीत घातले आणि ‘पेलेकॅनस केपेन्सिस’ हे नाव दिले. लिनिअसच्या पद्धतीत पाणकावळे पेलिकनांतच मोडत. पायाची चारही बोटे पडद्याने जोडलेली असणे ही खूण त्यासाठी प्रमाण मानली जाई आणि ती पुढे जवळपास दोन शतके टिकली. पाणकावळ्यांना फॅलाक्रोकोरॅक्स ही स्वतंत्र प्रजाती लाभली तरी पेलिकन, गॅनेट, सापमान्या, फ्रिगेट पक्षी आणि पाणकावळे एकाच गणात राहिले. जनुकांचा अभ्यास सुरू झाल्यावर हे घर फुटले. पेलिकनचे जवळचे नाते आफ्रिकेतल्या शूबिल आणि हॅमरकॉप यांच्याशी निघाले. पाणकावळे, सापमान्या, गॅनेट आणि फ्रिगेट पक्षी सुलिफॉर्मिस या वेगळ्या गणात गेले.

ग्वानोच्या दृष्टीने याहून अर्थपूर्ण फेरबदल पाणकावळ्यांच्या कुळातच झाला. पेरूच्या किनाऱ्यावर ग्वानाय नावाचा पाणकावळा आहे आणि तिथल्या ग्वानोचा मोठा वाटा त्याचाच. तोही थंड प्रवाहावर, तोही अफाट थव्यांनी आणि अँकोव्हीवरच जगणारा. १९८८ मध्ये हाडांच्या रचनेवरून केलेल्या वर्गीकरणात केपचा पाणकावळा आणि ग्वानाय एकाच गटात बसवले गेले. जनुकीय पुराव्यांनी ते मोडीत काढले: ग्वानाय दक्षिण गोलार्धातल्या ल्युकोकार्बो या शाखेत राहिला, केपचा पाणकावळा फॅलाक्रोकोरॅक्समध्ये परतला. दोन महासागरांत एकसारख्या समुद्राने दूरच्या दोन शाखांतल्या पक्ष्यांना एकसारखे घडवले होते. दोघांच्याही किनाऱ्यांवर माणसाने जे केले तेही बरेचसे सारखेच.

निसर्गशास्त्रज्ञ हंबोल्टने १८०४ मध्ये पेरूच्या ग्वानोचे नमुने युरोपात आणले होते, पण व्यापार खऱ्या अर्थाने सुरू झाला तो १८४० नंतर. रसायनशास्त्रज्ञ लीबिगच्या ग्रंथामुळे पिकांच्या पोषणाची चर्चा तापली होती आणि इंग्लंडमधले शेतकरी नव्या खतासाठी चांगले पैसे मोजायला तयार होते. पेरूने मात्र या मालाची मक्तेदारी बांधली होती. अशा वेळी लिव्हरपूलच्या अँड्र्यू लिव्हिंगस्टन यांच्या नजरेस अमेरिकन कप्तान बेंजामिन मॉरेलचे १८३२ चे प्रवासवर्णन आले. आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या इचाबो बेटावर पक्ष्यांच्या विष्ठेचा २५ फूट जाड थर असल्याची नोंद त्यात होती. मॉरेल सीलच्या कातड्यांच्या शोधात फिरत होता, त्याला त्या थरात धंदा दिसला नव्हता.

इचाबो आजच्या ल्यूडेरिट्झच्या उत्तरेला सुमारे ५० किलोमीटरवर आहे. बेट मुख्य भूमीपासून दीड किलोमीटरच्या आत, क्षेत्रफळ साडेसहा हेक्टरांच्या आसपास. तिथे गॅनेट, पेंग्विन आणि पाणकावळे दाटीने राहत. १८४३ मध्ये ब्रिस्टलचे ‘ॲन’ हे जहाज तिथून माल भरून निघाले आणि गुपित फार दिवस राहिले नाही. बेटावर कोणत्याही राज्याची सत्ता नव्हती, म्हणून कर नव्हता आणि परवानाही नव्हता. १८४४ च्या अखेरीस बेटाभोवती एकाच वेळी चारशेहून अधिक जहाजे नांगर टाकून होती असे सांगितले जाते. हजारो खलाशी आणि मजूर त्या चिमुकल्या बेटावर खणत होते. किनाऱ्यापासून लाटांवरून लाकडी मचाणे बांधून पोती होड्यांत उतरवली जात. खणण्याच्या जागेवरून मारामाऱ्या होत, कप्तानांनी आपापसांत नियम केले, ते मोडले गेले आणि शेवटी केपहून ब्रिटिश नौदलाचे जहाज पाठवावे लागले. १८४५ च्या मध्यापर्यंत बेट खडकापर्यंत खरवडले गेले होते. दोन ते तीन लाख टन ग्वानो दोन वर्षांत संपला. शेकडो पिढ्यांच्या पक्ष्यांनी साठवलेला थर होता तो, आणि त्याचा हिशेब ठेवायला बेटावर कोणीच नव्हते. मग जहाजांचा मोर्चा सालदान्हा उपसागरातल्या माल्गस बेटाकडे वळला. तिथे केप सरकारने परवान्याची पद्धत आणली, पण थर तिथेही लवकरच संपला.

या लुटीचा फटका सगळ्या पक्ष्यांना सारखा बसला नाही. आफ्रिकन पेंग्विन ग्वानोच्या जाड थरात बिळे करून अंडी घालत. थर गेल्यावर त्यांना उघड्या खडकावर, उन्हात आणि गल पक्ष्यांच्या तावडीत घरटी करावी लागली. त्यांच्या पुढच्या ऱ्हासाचे एक मूळ इथे आहे. पाणकावळा काड्या आणि समुद्रशेवाळ रचून उघड्यावरच घरटे करतो, त्यामुळे जागा बदलूनही तो तगला. मात्र खणणाऱ्यांच्या वर्दळीत त्याचीही वीण उधळली जाई: मोठे पक्षी उडाले की गल पक्षी अंडी आणि पिले उचलून नेत.

ब्रिटनने इचाबो १८६१ मध्ये ताब्यात घेतले आणि पुढे ही बेटे केप वसाहतीला जोडली गेली. १८८४ मध्ये समोरचा किनारा जर्मनांकडे गेला तरी बेटे ब्रिटिशांचीच राहिली. जुना साठा संपला होता. आता दरवर्षी पक्ष्यांनी जेवढे साठवावे तेवढेच खरवडायचे, अशी व्यवस्था सरकारी देखरेखीखाली हळूहळू रुळली आणि केपच्या शेतकऱ्यांना ते खत मिळू लागले.

खुद्द पाणकावळ्याभोवती उभा राहिलेला धंदा मात्र १९३० नंतरचा. स्वाकोपमुंडचे अ‍ॅडॉल्फ विंटर यांनी वॉल्विस बेच्या उत्तरेला समुद्रातल्या एका खडकावर पक्ष्यांची गर्दी पाहिली आणि त्याभोवती खांब रोवून लाकडी मंच बांधायला घेतला. वाढत वाढत तो सुमारे १७,००० चौरस मीटरचा झाला. कोल्हा आणि तरस तिथे पोहोचू शकत नव्हते, त्यामुळे केपच्या पाणकावळ्यांनी तो भरून टाकला. वाळू न मिसळलेला स्वच्छ ग्वानो थेट फळ्यांवर साचू लागला. स्वाकोपमुंडच्या मिठागरात आणि केप क्रॉसलाही असे मंच उभे राहिले. या प्रदेशातल्या ग्वानोच्या धंद्यात पक्ष्याला घर देऊन नफा कमावल्याचे हे विरळ उदाहरण आहे आणि म्हणूनच ते आवर्जून नोंदवावेसे आहे.

पक्ष्याच्या पोटावर घाव आला तो माशांच्या बाजूने. १९६८ मध्ये नामिबियाच्या समुद्रातून सुमारे १४ लाख टन सार्डिन पकडली गेली आणि पुढच्या दशकात तो साठा कोसळला. दक्षिण आफ्रिकेत १९९० च्या दशकापासून सार्डिन आणि अँकोव्ही पूर्वेकडे सरकले, पश्चिम किनाऱ्यावरच्या जुन्या वसाहती ओस पडू लागल्या आणि पक्ष्यांचा भार अगुल्हास भूशिराजवळच्या डायर बेटाकडे झुकला. १९९१ नंतर पक्षीकॉलऱ्याच्या साथी आल्या. जानेवारी २०२१ मध्ये रॉबेन आणि युटेन बेटांवर आईबापांनी सोडून दिलेली जवळपास दोन हजार पिले उचलून आणावी लागली. त्याच वर्षीच्या बर्ड फ्लूने हजारो मोठे पक्षी मेले, त्यात डायर बेटाचे नुकसान मोठे होते. तीन पिढ्यांत संख्या निम्म्याहून अधिक घटल्याने जागतिक लाल यादीत हा पक्षी संकटग्रस्त ठरला आहे.

इचाबोसह नामिबियाच्या किनाऱ्यावरची बेटे १ मार्च १९९४ रोजी वॉल्विस बेबरोबर दक्षिण आफ्रिकेकडून नामिबियाकडे आली. २००९ मध्ये तिथे सुमारे ४०० किलोमीटर लांबीचा सागरी संरक्षित पट्टा जाहीर झाला. दक्षिण आफ्रिकेत २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने सहा पेंग्विन वसाहतींभोवती सार्डिन आणि अँकोव्हीच्या मासेमारीवर दहा वर्षांसाठी बंदी आली. आदेश पेंग्विनसाठी आहे, पण डासन, रॉबेन आणि डायर या बेटांवर केपचे पाणकावळेही वीण करतात आणि त्याच माशांवर पिले वाढवतात.