ललिताजी, निरमा आणि दाराच्या चौकटीतून पाहिलेला टीव्ही



गेल्या महिन्यात आमच्या गटाचा हिशेब संपला, तरी बैठक काही उठली नाही. झालं असं, की एका सूनबाईच्या मोबाइलवर निरमाची जुनी जाहिरात लागली. त्या चालीचा पहिला सूर कानावर पडला आणि पासबुकं गोळा करणाऱ्या आक्कांचा हात थांबला. "अगं, ही तर आमच्या वेळची!" मग काय विचारता, लिज्जतचा ससा निघाला, विकोची हळद निघाली, जत्रेतला तंबूचा सिनेमा निघाला. दिवाबत्तीची वेळ झाली तरी कुणी हलेना.

शेवटी ठरलं, की यावर रेडिओवर बोलायचं. आम्ही थोडं वाचलं आणि थोरल्या बायकांना बरंच विचारलं. इतिहास म्हटला की आपण शिवाजी महाराजांपासून सुरू करतो आणि 1947 ला थांबतो. आपल्या आईने धुण्याच्या पावडरचं पहिलं पाकीट कधी फोडलं, हे लिहून ठेवायला कुणी बखरकार आला नव्हता. ते आपलं आपणच सांगायचं.

आधी रेडिओ. सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला 1952 पासून लागायची. बिनाका हे टूथपेस्टचं नाव, हे गाण्यांच्या नादात कुणाच्या लक्षातही यायचं नाही. आपल्या सरकारी रेडिओवर तेव्हा जाहिरात चालत नसे. ती विविध भारतीवर 1 नोव्हेंबर 1967 ला सुरू झाली, आणि कुठून? मुंबई, पुणे, नागपूर या केंद्रांवरून. म्हणजे विविध भारतीवरची जाहिरात सगळ्यात आधी ऐकली ती आपल्याच मुलखाने. रेडिओ घरातल्या गड्याचा. चामड्याच्या पिशवीत घालून, खांद्याला अडकवून तो शेतावर जायचा. पण घरी ओसरीवर लागला की चुलीपाशी ऐकू यायचा. आत जा म्हणून आपल्याला कुणी हाकललं नाही, कारण आपण आतच होतो.

टीव्हीचं तसं नव्हतं. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, टीव्हीवर जाहिराती 1976 पासून आल्या, रंग 1982 साली. खेड्यात तो पोचला ते ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, जागोजागी मनोरे उभे राहिल्यावर. गावात एक नाहीतर दोन टीव्ही. जानेवारी 1987 ला रामायण सुरू झालं, तेव्हा रविवारी सकाळी टीव्हीला हार घालायचे, उदबत्ती लावायचे. वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी जोडायचे. बाप्ये खाटेवर, पोरं पुढे जमिनीवर, आणि बायका आतल्या खोलीच्या दारात, डोक्यावर पदर घेऊन उभ्या. आमच्या एक आजी सांगतात, "मला राम दिसायचा. लक्ष्मण चौकटीत कापला जायचा." वर्षभराहून अधिक काळ त्यांनी तसंच पाहिलं.

आता मूळ गोष्टीवर येऊ. निरमा.

निरमा येण्याआधी आपल्याकडे कपडे कशाने धुवायचे? बारसाबणाचा तुकडा, धुण्याचा सोडा, रिठे, नाहीतर चुलीतली राख. डब्यातली महागडी पावडर होती, पण ती शहरातल्या पगारदाराच्या घरी. अहमदाबादचे करसनभाई पटेल सरकारी खात्यात रसायनतज्ज्ञ होते. 1969 साली त्यांनी घरच्या घरी पावडर मिसळायला सुरुवात केली आणि नोकरी सांभाळून सायकलवरून दारोदार विकली. नाव दिलं मुलीचं. तिचं नाव निरुपमा, लाडाने निरमा. पाकिटावर पांढऱ्या फ्रॉकमधली गिरकी घेणारी मुलगी. सुरुवातीला भाव किलोला तीन-साडेतीन रुपये, तेव्हा मोठ्या कंपनीची सर्फ तेरा रुपयांच्या आसपास होती.

इतकी स्वस्त कशी? हाताने मिसळायची, मोठं यंत्र नाही, भारी वास नाही, भपका नाही. सोडा जास्त, त्यामुळे हात भाजायचे. आमच्या काकू म्हणतात, हाताची सालं निघायची, पण पाकीट अंड्यांच्या पैशातून यायचं, कुणाकडे मागावं लागायचं नाही. या वाक्यावर आमची बैठक एक क्षण गप्प झाली होती. कोंबडीची अंडी हा बाईचा स्वतःचा पैसा. तेरा रुपये त्यात बसत नव्हते, तीन रुपये बसत होते.

आधी रेडिओवर आणि मग टीव्हीवर निरमाचं गाणं घराघरात पोचलं, आणि मोठ्या कंपनीच्या पोटात गोळा आला. तिच्यासाठी जाहिरातवाले अ‍ॅलेक पदमसी यांनी ललिताजी उभी केली. निळ्या काठाची पांढरी साडी, मोठं कुंकू, भाजीवाल्यापुढे पिशवी घेऊन उभी, आणि कुणाचं ऐकून न घेणारी. पदमसी सांगत, की ही बाई त्यांना आपल्या आईवरून सुचली. घरात पैशाला तोटा नसतानाही त्यांची आई घासाघीस केल्याशिवाय काही घेत नसे. ललिताजीचा हिशेब असा, की स्वस्त वस्तू वेगळी आणि फायद्याची खरेदी वेगळी. अर्धा किलो चांगली पावडर एक किलो हलक्या पावडरीइतके कपडे धुते.

हे खरं की खोटं, यावर आमच्यात अजून भांडण आहे. काकू म्हणतात, "अर्धा किलोचे पैसे एकदम हातात असतील तर ना!" बरोबर आहे. ज्या घरात आठवड्याला मजुरी येते, तिथे हिशेब महिन्याचा करून चालत नाही. ललिताजीचं गणित चुकीचं नव्हतं, ते पगारदार घरचं होतं.

पण आम्हाला ललिताजी आवडते, आणि का आवडते ते सांगतो. तोवर पडद्यावरची बाई एकतर रडायची नाहीतर लाजायची. ही बाई भावावरून भांडत होती, आणि कंपनी तिचं म्हणणं मानत होती. कंपनीला एक गोष्ट कळली होती, की पैसे देणारा खिसा नवऱ्याचा असला तरी दुकानाची यादी बाई सांगते. बाजाराला हे कळलं तेव्हा बँकेच्या दारात मात्र आपल्याला "घरचे कोण आलेत?" असंच विचारत होते.

ललिताजी झाल्या होत्या कविता चौधरी. त्यांनीच पुढे 1989 मध्ये उडान ही मालिका लिहिली, दिग्दर्शित केली आणि त्यात पोलीस अधिकाऱ्याचं कामही केलं. ती गोष्ट त्यांच्या सख्ख्या बहिणीवर बेतलेली. या बहीणबाई म्हणजे कांचन चौधरी भट्टाचार्य, ज्या 2004 मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. देशात या पदावर बसलेल्या त्या पहिल्या बाई. कविताताई 2024 च्या फेब्रुवारीत गेल्या. ही माहिती वाचली तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, म्हणजे ती भाजीवाल्याशी उगाच नव्हती बोलत तशी.

सगळंच गोड आठवावं असं मात्र नाही. जाहिरातीत शर्ट पांढरा व्हायचा तो नवऱ्याचा, गणवेश लेकराचा. बाईची साडी किती उजळ, हे कुणी पाहिलं नाही. आणि 1975 ला बाजारात आलेल्या त्या गोरं करणाऱ्या क्रीमने किती पोरींना आरशासमोर रडवलं! आमच्या गटातल्या दोघींनी लग्नाआधी चोरून ट्यूब आणली होती. 2020 साली कंपनीने नावातला 'फेअर' काढला. काढला ते बरं केलं, पण पंचेचाळीस वर्षं लागली.

पोरांची गंमत राहिली. नव्वदच्या दशकात जत्रेतून तो हातात धरायचा विटांचा व्हिडिओ गेम यायचा, वरून विटा पडायच्या आणि आपण त्या रचायच्या. मूळ खेळ 1984 साली मॉस्कोमधल्या अलेक्सी पाजितनोव्ह यांनी बनवला, हे आम्हाला आत्ता कळलं. तेव्हा एवढंच ठाऊक होतं, की भावाचा सेल संपत आला की आपली पाळी येते.

आणि लिज्जतचा तो हसरा ससा! तो बनवला रामदास पाध्ये यांनी. अर्धवटरावांना बोलतं करणारे आणि झपाटलेलामधल्या तात्या विंचूला घडवणारे हेच ते पाध्ये. पोरं सशाला हसायची आणि तात्या विंचूच्या नावाने रात्री परसात जायला घाबरायची. दोघे एकाच हातचे.

पण सशामागची गोष्ट आपल्या कामाची आहे. 15 मार्च 1959 ला मुंबईत गिरगावात सात गुजराती बायका चाळीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या. भांडवल ऐंशी रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. दान घ्यायचं नाही, हे त्यांनी लवकरच ठरवून टाकलं. लाटणारी प्रत्येक बाई मालकीण, नफा झाला तरी सगळ्यांचा आणि तोटा झाला तरी सगळ्यांचा. त्या सातजणींतल्या जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे टीव्हीवर बाईला वस्तू विकणाऱ्या जाहिराती पुष्कळ होत्या, पण बायकांनीच बनवून विकलेल्या वस्तूची जाहिरात ही एक होती. आम्ही लहानपणी सशालाच बघत बसलो. लाटणारी बाई कुणी दाखवली नाही आणि आम्हीही कुणाला विचारलं नाही.

सिनेमाचं सांगितल्याशिवाय तर थोरल्या बायका आम्हाला सोडणार नाहीत. 1991 साली विजय कोंडके यांचा माहेरची साडी आला. मूळ कथा राजस्थानी सिनेमाची, बाई चाली सासरिये हे त्याचं नाव. अलका कुबल यांची लक्ष्मी, बापाच्या भूमिकेत विक्रम गोखले, आणि उषा नाडकर्णींची सासू, जिला थिएटरात बसल्या बसल्या शिव्या घातल्या गेल्या. बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून तालुक्याला गेल्या, भाकरी बांधून गेल्या. शिकलेली मंडळी त्या रडारडीला हसतात, आणि आम्हालाही आज तो सिनेमा पुन्हा बघवत नाही. एवढं सोसणारी बाई चांगली, हे शिकवून त्याने आपलं नुकसानही केलं.

पण आक्का म्हणाल्या ते ऐका. "सिनेमात काय होतं ते निम्मं विसरले. ट्रॉलीत आम्ही वीस-बावीस बाया होतो, एकही बाप्या नव्हता, ड्रायव्हर सोडून. सासूसुद्धा जा म्हणाली, कारण तिलाही यायचं होतं. परत येताना रडून डोळे सुजले होते, आणि सगळ्या हसत होतो." जत्रेतल्या तंबूत बायकांना वेगळी बाजू असायची, पण बरोबर घरचं माणूस लागायचंच. देवाला आणि माहेराला सोडून, फक्त आपल्या हौसेसाठी बायका मिळून गावाबाहेर गेल्या, असं आमच्या गावात त्याआधी कुणाला आठवत नाही. पुढच्याच वर्षी, 1992 ला, नाबार्डने बचत गट बँकेला जोडण्याचा पहिला प्रयोग पाचशे गटांवर सुरू केला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, हे आम्हाला कळतं. तरी आमच्या गावात पहिला गट झाला, तेव्हा त्यातल्या निम्म्या बाया त्या ट्रॉलीतल्या होत्या.

ललिताजीवाली कंपनीही पुढे गटांकडेच आली. 2001 च्या सुमारास तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या नलगोंडा जिल्ह्यात गटाच्या बायकांना तिने आपला माल गावोगाव विकायला दिला, शक्ती या नावाने. अर्धा किलोचे पैसे एकदम नसतात, ही काकूंची गोष्ट तोवर छोट्या पुड्यांनी सगळ्याच कंपन्यांना शिकवली होती.

आणि आमचं काय? सात-आठ वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणातून आम्हीही धुण्याची पावडर करायला शिकलो. कर्जातून कच्चा माल आणला, पिशव्या भरल्या, फेस चांगला यायचा. खपली नाही. शेवटी एके दिवशी आम्ही एकमेकींच्या मोरीत डोकावलो. निम्म्याहून जास्त घरांत आमच्याच सदस्यांनी दुकानातली पावडर ठेवली होती, टीव्हीवर दिसणारी. आपण केलेल्या वस्तूवर आपलाच भरवसा नव्हता. ते कर्ज फेडायला दीड वर्ष लागलं.

आता शेंगदाण्याची चटणी करतोय. ती मात्र आधी आपल्या घरात खायची, असा ठरावच केलाय. त्या दिवशी बैठकीत पाकिटावर चित्र कशाचं घालायचं यावरही चर्चा झाली. कुणी फ्रॉकमधली मुलगी म्हणालं, कुणी ससा. आक्का म्हणाल्या, चित्राचं राहू दे, आधी भाव ठरवा. पावशेराला त्या साठ म्हणतात, सूनबाई ऐंशी म्हणते, आणि कारण अगदी ललिताजीचंच सांगते, की आपलं तेल घाण्याचं आहे. येत्या मंगळवारच्या बाजारात दोन टोपल्या ठेवणार आहोत, एका टोपलीत पावशेराची आणि दुसरीत दहा रुपयांची पुडी.