पाणबुड्याचा राखीव हवापुरवठा
स्वयंपूर्ण श्वसनसाधन (स्क्यूबा) घेऊन पाण्याखाली वावरणाऱ्या पाणबुड्याचा मुख्य हवापुरवठा संपल्यास वा बंद पडल्यास त्याला पृष्ठभागापर्यंत सुखरूप परतता यावे, म्हणून केलेल्या जादा हवेच्या व्यवस्थेस ‘राखीव हवापुरवठा’ म्हणतात. पाण्यात दर १० मी. खोलीस दाब सु. एका वातावरणाने वाढतो. त्यामुळे ३० मी. खोलीवर प्रत्येक श्वासास पृष्ठभागावरील श्वासाच्या चौपट हवा लागते व साठा तितक्याच वेगाने संपतो.

या कल्पनेचे मूळ एकोणिसाव्या शतकात आढळते. बन्वा रूकेरोल हा फ्रेंच खाण अभियंता व ओग्यूस्त दनेरूझ हा नौदल अधिकारी यांनी १८६४ च्या सुमारास तयार केलेल्या साधनात हवा पृष्ठभागावरील पंपातून नळीने येत असे. तथापि पाणबुड्याच्या पाठीवर एक लहान धातूची टाकीही असे. नळी सुटल्यास टाकीतील हवा काही मिनिटे पुरे. झाक ईव्ह कूस्तो व एमील गान्यां यांनी १९४३ मध्ये ॲक्वालंग सिद्ध केल्यावर नळीचे बंधन तुटले. परंतु पृष्ठभागाशी असलेला हवेचा दुवाही त्याबरोबरच तुटला.

आरंभी पाणबुड्यांजवळ पाण्याखाली वाचता येईल असा दाबमापक सहसा नसे. म्हणून ‘जे’ झडप वापरात आली. अमेरिकेतील एका उत्पादकाच्या विक्रीसूचीतील अक्षरावरून तिला हे नाव मिळाले. सिलिंडरातील दाब सु. २० वातावरणांपर्यंत उतरला की स्प्रिंगमुळे ही झडप मिटू लागे व श्वास घेणे जड होई. मग दांडी ओढून उरलेली हवा मोकळी करावयाची. मात्र दांडी आधीच नकळत ओढली गेली असल्यास इशारा मिळत नसे आणि राखीव हवाही उरत नसे. शिवाय ही हवा त्याच सिलिंडरातील असल्याने नियामक बिघडल्यास तिचा उपयोग नव्हता. दाबमापकाचा प्रसार झाल्यावर ही झडप मागे पडली.

सोबत्याची हवा हा दुसरा आधार होय. पूर्वी एकच मुखनळी दोघे आळीपाळीने वापरीत. घाबरलेल्या माणसाच्या हातून हे क्वचितच नीट घडे. टेड एल्ड्रेड यांनी १९५२ मध्ये मेलबर्न येथे ‘पॉरपॉइज’ हा एकनळी नियामक बाजारात आणला. अशा नियामकात दाब कमी करण्याचा पहिला टप्पा सिलिंडरावर व दुसरा तोंडाशी असल्याने, पहिल्या टप्प्यास आणखी एक नळी व मुखनळी जोडणे सुकर झाले. या जोडीस पुढे ‘ऑक्टोपस’ हे नाव रूढ झाले.

जलमय गुहांत सरळ वर येणे शक्य नसल्याने तेथे नियम अधिक कडक झाले. अमेरिकन गुहा-पाणबुडे शेक एक्सली यांनी १९७९ मधील बेसिक केव्ह डायव्हिंग : अ ब्लूप्रिंट फॉर सर्व्हायव्हल या पुस्तकात अपघातांचे विश्लेषण करून अखंड मार्गदर्शक दोरी, मर्यादित खोली व परतीसाठी दोन-तृतीयांश हवा या तीन गोष्टींवर भर दिला. आत जाताना एक-तृतीयांश हवा खर्च केली, तर सर्वांत दूरच्या ठिकाणी एकाचा साठा गेला, तरी दुसऱ्याजवळची उर्वरित हवा हिशेबाने दोघांना बाहेर येण्यास पुरते. भीतीने श्वासाचा वेग वाढतो. म्हणून ही किमान मर्यादाच समजावी लागते.

स्वतंत्र नियामक बसविलेले लहान सिलिंडर (पोनी) हा सर्वांत स्वावलंबी उपाय होय. त्याची क्षमता ३ लि. व दाब २०० वातावरणे असल्यास सु. ६०० लि. हवा मिळते. मिनिटास २० लि. या पृष्ठभागावरील दराने ती ३० मी. खोलीवर साडेसात मिनिटे पुरेल. श्वास दुप्पट वेगाने घेतल्यास चार मिनिटांहूनही कमी. मिनिटास ९ मी. वेगाने वर येण्यासच तीन मिनिटांहून अधिक वेळ लागतो. म्हणून राखीव हवा तळाशी अधिक काळ थांबण्यासाठी नसून केवळ परतण्यासाठी असते. मूळ आखणीत तिची गणना केल्यास ती राखीव राहत नाही.