मतदार यादी: पाहणे विनामूल्य, प्रत घेणे खर्चाचे

परभणी, प्रतिनिधी

मतदान केंद्रावर जाऊन ‘यादीत नाव नाही’ एवढेच ऐकून परत फिरणारे मतदार प्रत्येक निवडणुकीत दिसतात. त्या दिवशी तक्रार करून काही साधत नाही. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपल्यानंतर यादीत नवे नाव घेता येत नाही, अशी तरतूद लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम २३ मध्येच आहे. त्यामुळे यादी वेळेत पाहणे हाच उपाय उरतो. यादी पाहण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला आहे. मात्र यादी पाहणे, तिची प्रत मिळवणे आणि संपूर्ण मतदारसंघाची यादी पडताळणे या तिन्ही गोष्टींचा खर्च सारखा नाही, आणि तो सर्वांना सारखा सोसावाही लागत नाही.

यादी कोणाकडे असते?

विधानसभा मतदारसंघाची यादी मतदार नोंदणी अधिकारी तयार करतात. हे काम साधारणतः उपविभागीय अधिकाऱ्यांकडे आणि त्यांच्या मदतीला तहसीलदारांकडे असते. जिल्हाधिकारी हे जिल्हा निवडणूक अधिकारी असतात. गावपातळीवर मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजेच ‘बीएलओ’, काम पाहतो. यादीचे ‘भाग’ पाडलेले असतात आणि एक भाग साधारणपणे एका मतदान केंद्रापुरता असतो.

परभणी जिल्ह्यात नऊ तालुके आणि चार विधानसभा मतदारसंघ आहेत: जिंतूर (क्रमांक ९५), परभणी (९६), गंगाखेड (९७) आणि पाथरी (९८). तालुक्याच्या नावाने यादी शोधणाऱ्याची येथेच फसगत होते. सेलूचे मतदार जिंतूर मतदारसंघात आहेत. पालम व पूर्णा येथील मतदारांनी गंगाखेड, तर मानवत व सोनपेठ येथील मतदारांनी पाथरी मतदारसंघ निवडावा. परभणी तालुक्याचा काही भागही पाथरीला जोडलेला आहे.

पाहण्यास पैसे नाहीत

मतदार नोंदणी नियम, १९६० नुसार प्रारूप यादी प्रसिद्ध झाल्यावर ती नोंदणी अधिकाऱ्याच्या कार्यालयात पाहण्यासाठी ठेवावी लागते. दावे व हरकतींसाठी ३० दिवसांची मुदत असते. आयोग ती कमी करू शकतो, पण १५ दिवसांपेक्षा कमी नाही. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून प्रत्येक भागाची यादी विनामूल्य उतरवून घेता येते. या प्रतीत मतदारांची छायाचित्रे नसतात. केवळ स्वतःचे नाव पाहायचे असल्यास आयोगाच्या मतदार सेवा संकेतस्थळावर ओळखपत्राच्या क्रमांकावरून शोध घेता येतो. १९५० हा मदत दूरध्वनी क्रमांकही त्यासाठी आहे.

प्रतीचे गणित

कार्यालयातून साक्षांकित प्रत हवी असल्यास मात्र शुल्क पडते. नियम ३३ नुसार कोणाही व्यक्तीला यादी पाहण्याचा व साक्षांकित प्रत घेण्याचा हक्क आहे. प्रतीचे शुल्क मुख्य निवडणूक अधिकारी ठरवतात. अर्ज करण्यापूर्वी चालू दर विचारून घ्यावा आणि भरलेल्या रकमेची पावती घ्यावी.

खर्चाचा अंदाज यावा म्हणून माहिती अधिकाराचा दर मोजमापासाठी घेता येईल. महाराष्ट्राच्या २००५ च्या माहिती अधिकार नियमांत अर्जाला १० रुपये आणि प्रत्येक पानाला २ रुपये असा दर ठरला. यादीच्या एका पानावर साधारण ३० मतदारांच्या नोंदी असतात. म्हणजे १,२०० मतदारांच्या एका भागाला सुमारे ४० पाने आणि ८० रुपये लागतील. ही रक्कम गावातील चार माणसे मिळून सहज भरू शकतात. तीन लाख मतदारांच्या मतदारसंघासाठी मात्र हाच हिशेब १० हजार पाने आणि २० हजार रुपयांवर जातो.

पक्षांना सवलत, अपक्षांना भार

हा मोठा खर्च मान्यताप्राप्त पक्षांना करावा लागत नाही. प्रारूप यादी व अंतिम यादी यांच्या प्रत्येकी दोन प्रती त्यांना विनामूल्य देण्याची तरतूद नियमांत आहे. त्यांच्या उमेदवारांनाही लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ७८-अ नुसार यादी विनामूल्य मिळते. अपक्ष उमेदवार, अमान्यताप्राप्त पक्ष, स्वयंसेवी कार्यकर्ते आणि सामान्य नागरिक या सवलतीत येत नाहीत. दुबार नावे, मृतांची नावे किंवा चुकून वगळलेली नावे शोधण्याची इच्छा असलेल्याला छापील प्रतीचे पैसे मोजावे लागतात किंवा संकेतस्थळावरील शेकडो भाग एकेक करून उतरवून घ्यावे लागतात.

शोध न घेता येणारी यादी

२०१८ पासून संकेतस्थळावरील याद्या चित्ररूपात ठेवल्या जातात. त्यामुळे संगणकावर नाव टाइप करून त्या यादीत शोध घेता येत नाही. मतदारांच्या माहितीचा गैरवापर टाळण्यासाठी हे केल्याची आयोगाची भूमिका आहे. यादीत नाव, नातेवाइकाचे नाव, वय व घर क्रमांक असल्याने ती चिंता निराधार म्हणता येत नाही. शोध घेता येईल अशा स्वरूपात यादी मिळावी, ही काँग्रेस नेते कमलनाथ यांची मागणी सर्वोच्च न्यायालयाने १२ ऑक्टोबर २०१८ रोजी फेटाळली. अर्जदाराला हवे असल्यास त्याने स्वतः यादीचे रूपांतर करून घ्यावे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. परिणामी कागदाचा खर्च वाचला, तरी पडताळणीचे श्रम कायम राहिले.

बिहारमधील विशेष सखोल पुनरीक्षणाच्या वेळी न्यायालयाने एक पाऊल पुढे टाकले. प्रारूप यादीतून वगळलेल्या सुमारे ६५ लाख नावांची यादी कारणांसह प्रसिद्ध करावी आणि ओळखपत्राच्या क्रमांकावरून तीत शोध घेता यावा, असा अंतरिम आदेश १४ ऑगस्ट २०२५ रोजी देण्यात आला. नाव का गेले हे मतदाराला कार्यालयाची पायरी न चढता कळले पाहिजे, हे तत्त्व त्यातून पुढे आले.

महापालिकेची यादी वेगळी

परभणी महापालिकेसाठी एप्रिल २०१७ नंतर थेट १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण तो स्वतंत्र मतदार नोंदणी करत नाही. विधानसभेचीच यादी ठरावीक तारखेला घेऊन तिचे प्रभागनिहाय विभाजन केले जाते. या टप्प्यावर मतदार दुसऱ्या प्रभागात गेला असल्यास किंवा विधानसभा यादीत असलेले नाव सुटले असल्यास हरकत घेता येते. नवे नाव मात्र घालता येत नाही. महापालिकेची निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहणाऱ्याला म्हणूनच उशीर झालेला असतो.

ऊसतोड मजुरांची अडचण

गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागांतून दरवर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो आणि वार्षिक पुनरीक्षणाची प्रारूप यादीही बहुधा त्याच काळात येते. घराला कुलूप दिसले की ‘स्थलांतरित’ असा शेरा पडण्याचा धोका असतो. अशा कुटुंबांसाठी तहसील कार्यालयात लावलेली यादी असून नसल्यासारखीच. गावात राहिलेल्या नातेवाइकांनी किंवा ग्रामपंचायत सदस्यांनी आपल्या भागाची यादी उतरवून वाचली, तर हे नुकसान टळू शकते.

मतदारांनी काय करावे?

नवीन नोंदणीसाठी नमुना ६, एखादे नाव वगळण्यासाठी किंवा त्यावर हरकतीसाठी नमुना ७, दुरुस्ती व स्थलांतरासाठी नमुना ८ भरावा. वयाच्या पात्रतेसाठी आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. अर्ज दिल्यावर पोच जपून ठेवावी. नोंदणी अधिकाऱ्याचा निर्णय मान्य नसल्यास १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि त्यांच्या निर्णयाविरुद्ध ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. ही मुदत आदेशाच्या तारखेपासून मोजली जात असल्याने आदेशाची प्रतही मागून घ्यावी.